पावसात पेटणारे, उन्हात विझणारे डॅशबोर्डचे दिवे : जीपच्या वायरिंगमधला दोष कसा शोधावा

मृगाच्या पहिल्या सरी पडल्या की जांबोटी-कणकुंबीकडच्या जीपवाल्यांचे फोन सुरू होतात. तक्रार बहुतेक एकच असते. "लायटी लागूलेत आणि आपोआप जाऊलेत की ओ." चढावर बॅटरीचा, एबीएसचा (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि इंजिनचा दिवा एकदम लागतो. पिरनवाडी येईपर्यंत सगळे गेलेले असतात, आणि गाडी बेळगावात वायरमनसमोर उभी राहते तेव्हा डॅशबोर्डवर काहीच नसतं. मग अंदाजाने एखादा सेन्सर बदलला जातो, कोणी नवी बॅटरी बसवतो, आणि पुढच्या मोठ्या पावसात तेच दिवे पुन्हा हजर.

मी वायरिंगचं काम करतो आणि माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच गाड्या चार चाकांना ताकद देणाऱ्या डिझेल जीप असतात. या दिव्यांवर होणारा खर्च बघून वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा बदललेला पार्ट चांगलाच असतो. एबीएसचा दिवा लागला म्हणजे सेन्सर गेला असं नाही. त्या सर्किटमध्ये कुठेतरी करंट नीट पोचत नाही किंवा नीट परत येत नाही, एवढंच दिवा सांगतो. म्हणून पहिला प्रश्न असा विचारायचा : कोणकोणते दिवे एकत्र येतात, आणि त्या सगळ्यांमध्ये सामाईक काय आहे?

आपल्या भागात हा त्रास जास्त का, तेही समजून घ्या. खानापूर तालुक्यातलं आमगाव कर्नाटकातल्या सर्वात जास्त पावसाच्या ठिकाणांत मोडतं. मलप्रभेचा उगम असलेलं कणकुंबी, चोर्ला घाट, पलीकडे चंदगडचा पट्टा, सगळीकडे तांबडी माती. ही माती ओली असताना बारीक लेप होऊन कपलरच्या (वायरी जोडणाऱ्या प्लगच्या) फटीत शिरते आणि वाळली तरी ओल धरून ठेवते. गाडी ओढ्यावरच्या फरशीवरून जाते, शेताच्या पाणंदीत रुतते, वडापची असेल तर भरलेल्या पोटाने दिवसभर आदळत राहते. निपाणी-चिकोडीकडे, उसाच्या आणि काळ्या मातीच्या पट्ट्यात, पाणी कमी पण उंदीर जास्त. सुगीनंतर शेत मोकळं झालं की ते बोनेटखाली ऊब शोधत येतात आणि वायरी कुरतडतात. म्हणून गाडी कुठून आली हे मी आधी विचारतो. पाणी आधी शोधायचं की दात, ते त्यावर ठरतं.

मोजण्याआधी थांबायचं कुठे

लाल ऑइलचा दिवा चालत्या गाडीत लागला तर वायरिंगचा विचार करू नका. इंजिन बंद करा, ऑइलची काडी बघा. ऑइल प्रेशरचा स्विच साधा असतो : प्रेशर नसताना तो अर्थला, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसकडे परत नेणाऱ्या गाडीच्या लोखंडाला, जोडलेला राहतो, प्रेशर आलं की सुटतो. त्याची वायर कुठे बॉडीला टेकली तर दिवा खोटा लागू शकतो, हे खरं. पण ते स्विचच्या जागी मेकॅनिकल गेज लावून प्रेशर मोजल्यावरच म्हणायचं. तापमानाच्या लाल दिव्यालाही हाच नियम.

ब्रेकचा लाल दिवा लागला तर आधी ब्रेक ऑइलच्या डबीची पातळी आणि हँडब्रेक बघा. पातळी कमी असेल तर पॅड झिजलेत किंवा कुठेतरी गळती आहे. वरून ऑइल ओतून दिवा घालवणं म्हणजे गळती झाकणं.

आणि बॅटरीचा दिवा. लोक याला किरकोळ समजतात. बऱ्याच डिझेल जीपमध्ये ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच पाठीवर बसवलेला असतो, आणि पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर चालतो. पट्टा तुटला तर चार्जिंग जातं, ब्रेक दगडासारखा कडक होतो आणि इंजिन तापायला लागतं. चोर्ल्यातून गोव्याकडे उतरताना हा दिवा लागला तर खालच्या गिअरमध्ये गाडी कडेला घ्या आणि पट्टा डोळ्यांनी बघा. पट्टा असेल तर पुढचं शांतपणे शोधता येतं.

एअरबॅगच्या दिव्यासाठी एकच सांगतो : पिवळ्या कपलरमध्ये मीटर किंवा टेस्ट लॅम्प घालू नका. ते काम योग्य साधनं असलेल्याकडेच द्या.

चावी फिरवून बघा, मग वहीत लिहा

इंजिन चालू न करता चावी ऑन करा. सगळे इशाऱ्याचे दिवे एकदा लागलेच पाहिजेत. जो लागत नाही तोही दोषच आहे. वापरलेली जीप घेतली असेल तर हे नक्की करा, कारण त्रास देणाऱ्या दिव्याचा बल्बच काढून टाकलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. शिवाय जुन्या गाडीत चार्जिंगच्या दिव्यातूनच अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो. तो बल्ब गेला तर अल्टरनेटर चांगला असूनही इंजिनला रेस दिल्याशिवाय चार्जिंग सुरू होत नाही.

मग पुढचे काही दिवस गाडीत एक वही ठेवा. दिवा लागला की त्याच्यासोबत कोणता लागला, हेडलाइट-वायपर-ब्लोअर चालू होते का, खड्डा होता की वळण, डावं की उजवं, ओढा ओलांडून किती वेळ झाला, सकाळची पहिली सुरुवात होती का, एवढं लिहा. शेजारी बसलेल्याला मोबाइलवर व्हिडिओ घ्यायला सांगितलं तरी चालेल. गाडी वायरमनकडे नेताना ही माहिती बरोबर असेल तर निम्मा शोध तिथेच होतो.

सगळे दिवे एकदम : आधी अर्थिंग

तीन-चार दिवे एकाच क्षणी लागत असतील तर तीन-चार सेन्सर एकाच क्षणी बिघडले, असं होत नाही. सामाईक अर्थिंग, सामाईक फ्यूज, सामाईक पुरवठा किंवा एखादं मोठं कपलर यांतलं काहीतरी सैल झालेलं असतं. आपल्याकडे अर्थिंगच बहुतेक वेळा सापडतं.

जीपची रचना लक्षात घ्या. शिडीसारखी चेसिस, तिच्यावर रबरी बुशांवर ठेवलेली बॉडी, आणि इंजिनही रबरी माउंटवर. म्हणजे इंजिन, चेसिस आणि बॉडी हे तीन लोखंडी तुकडे एकमेकांपासून रबराने तोडलेले आहेत. बॅटरीची मायनस यांतल्या एका-दोघांना थेट जोडलेली असते आणि बाकीचा करंट वेणीसारख्या विणलेल्या तांब्याच्या पट्टीतून किंवा जाड केबलमधून परत येतो. ही पट्टी चाकाच्या चिखलाच्या मार्‍यात असते. तिच्या टोकाच्या थिंबलखाली (बोल्टने आवळायच्या धातूच्या कडीखाली) गंज धरला की डॅशबोर्ड, एबीएस, हेडलाइट सगळ्यांचाच परतीचा रस्ता अडतो.

इथे रेझिस्टन्स मोजून फसायला होतं. मीटर ओहमवर ठेवून पट्टीची दोन टोकं तपासली तर जवळजवळ शून्य दाखवतं, कारण मीटर अगदी थोडा करंट सोडतो आणि तेवढा एका तारेतूनही जातो. खरी परीक्षा लोड टाकूनच होते.

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. इंजिन चालू, हेडलाइट हायबीमवर, ब्लोअर पूर्ण, वायपर आणि मागचे दिवे चालू. काळा प्रोब बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटीवर टेकवा, क्लॅम्पवर नको. लाल प्रोब आधी इंजिन ब्लॉकवर, मग चेसिसवर, मग बॉडीच्या रंग नसलेल्या बोल्टवर, शेवटी डॅशबोर्डच्या अर्थ पॉइंटवर. प्रत्येक ठिकाणी ०.१ व्होल्टच्या आत यायला हवं. ०.२ च्या वर गेलं तर साफ करायची वेळ झाली. अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर दोष तुमच्या हातात सापडला आहे, कारण आधीच्या जागेपासून या जागेपर्यंतच्या जोडातच तो आहे.

हे का घडतं ते एका गाडीवरून सांगतो. कणकुंबी मार्गावर वडाप करणाऱ्या एका मामांची जीप. तक्रार वर सांगितली तशीच : जोरात पाऊस असला की बॅटरी, एबीएस, ब्रेक आणि इंजिन असे चार दिवे एकदम, क्षणभर. बॅटरी नवी बसवली होती, एबीएसचा एक सेन्सरही बदलून झाला होता. बॅटरीवर चार्जिंग १४.१ व्होल्ट, म्हणजे अल्टरनेटर ठीक. वरची चाचणी लावली : इंजिनवर ०.०३, चेसिसवर ०.०५, आणि बॉडीवर १.४ व्होल्ट. पट्टी हाताने हलवली की आकडा ५ च्या आसपास उडायचा. पावसाळ्याआधी चेसिसला खालून काळा गंजरोधक रंग मारला होता, आणि तेव्हा उघडलेली अर्थची पट्टी रंगावरच पुन्हा आवळली होती. बोल्टच्या आट्यांमधून जेवढा करंट जाईल तेवढाच जात होता.

मग पावसातच का? कारण पावसातच हेडलाइट, वायपर आणि काच साफ ठेवायला ब्लोअर एकत्र चालतात. बॉडीतून परतणारा करंट २५-२८ अँपिअरपर्यंत जातो. जोडात नुसता ०.०५ ओहम अडथळा असला तरी २८ अँपिअरला १.४ व्होल्ट तिथेच खर्च होतात. उन्हात दिवे-ब्लोअर बंद, करंट थोडा, त्यामुळे तोच अडथळा दिसत नाही. त्यात खड्डा आला, पट्टी हलली, की एबीएसच्या मॉड्यूलला (ते चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला) क्षणभर ९ व्होल्टच पोचतात. इतक्या कमी व्होल्टेजवर ते स्वतःला बंद करतं आणि दिवा लावतं. ब्रेकचं मागचं-पुढचं वाटप करणारी व्यवस्था त्याच मॉड्यूलमध्ये असल्याने लाल ब्रेकचा दिवाही बरोबर येतो. पाणी थेट कुठेच शिरलेलं नव्हतं.

काम सोपं होतं. थिंबल आणि चेसिस काचपेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासली, स्टार वॉशर घालून बोल्ट आवळला, आणि मगच वरून ग्रीस लावलं. ग्रीस आधी लावून वर बोल्ट आवळू नका. बॉडीवरचा आकडा ०.१ च्या आत आला आणि ते चार दिवे एकत्र येणं थांबलं. एबीएसचा दिवा मात्र एकटा, खडबडीत वाटेवर स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवलं की, अधूनमधून येत राहिला. असं झालं की निराश होऊ नका. सामाईक दोष गेला की वेगळा दोष एकटा दिसायला लागतो, आणि एकट्याला शोधणं सोपं. त्याचं पुढे सांगतो.

परतीचा रस्ता साफ निघाला तर हीच चाचणी प्लसच्या बाजूने करा : लाल प्रोब बॅटरीच्या प्लसवर, काळा अल्टरनेटरच्या जाड टर्मिनलवर किंवा फ्यूज बॉक्सच्या इनपुटवर. मीटरने वजा चिन्ह दाखवलं तर घाबरू नका, आकडा बघा. लोडवर ०.३ च्या वर गेलं तर मधला फ्युजिबल लिंक (फ्यूजचं काम करणारी वायर), थिंबल किंवा चावीचा स्विच तपासा. सेल्फ मारतानाही एकदा बॅटरीचं व्होल्टेज बघून घ्या. चांगली बॅटरी १० च्या खाली सहसा जात नाही.

बॅटरीचा दिवा एकटा

जुन्या पद्धतीच्या सर्किटमध्ये या दिव्याची एक बाजू चावीतून प्लसला असते आणि दुसरी अल्टरनेटरच्या छोट्या टर्मिनलला. अल्टरनेटर चालला नाही की ती बाजू अर्थकडे ओढली जाते आणि दिवा पेटतो. चालला की दोन्हीकडे सारखंच व्होल्टेज येतं, फरक उरत नाही, दिवा विझतो. म्हणून अंधारात मंद लुकलुकणारा दिवा म्हणजे दोन्ही बाजूंत एक-दोन व्होल्टचा फरक आहे : एकतर अल्टरनेटरचा डायोड गेलाय, किंवा चावीच्या बाजूच्या पुरवठ्यात अडथळा आहे. डायोड ओळखायला मीटर एसीवर ठेवून चालू इंजिनात बॅटरीवर मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर एसी दिसली तर अल्टरनेटर काढा.

इंजिन बंद ठेवून काही तासांनी चांगली बॅटरी १२.६ च्या आसपास असते, १२.२ म्हणजे निम्मी रिकामी. चालू इंजिनात १३.८ ते १४.५ यायला हवं. ओढा ओलांडल्याबरोबर दिवा लागून थोड्या वेळाने आपोआप जात असेल तर आधी पट्टा बघा. ओला आणि सैल पट्टा घसरतो. कायम चिखलातून फिरणाऱ्या जीपच्या अल्टरनेटरमध्ये तांबडा गाळ साचून ब्रश आणि स्लिप रिंग लवकर झिजतात. ते आधी खोलून साफ करा आणि ब्रश बघा. पूर्ण अल्टरनेटर बदलण्याचा विचार त्यानंतर करा. नव्या गाड्यांत चार्जिंग ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) सांभाळतं, व्होल्टेज कमीजास्त होत राहतं, तिथे हे आकडे जसेच्या तसे लावू नका.

इंजिनचा दिवा आणि स्कॅनर

आता ओबीडी पोर्टला (गाडीतल्या तपासणीच्या सॉकेटला) लावायचा ब्लूटूथ स्कॅनर स्वस्तात मिळतो आणि तो जीपमध्ये असावाच. पण कोड बघितल्याबरोबर पुसून टाकू नका. त्या क्षणाचा वेग, तापमान, व्होल्टेज अशी नोंद ईसीयूने ठेवलेली असते. पुसलं की तीही जाते. आधी फोटो काढा.

कोडचं नाव वाचूनही पार्ट मागवू नका. पी-०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरच्या सर्किटची तक्रार. त्यात सेन्सर, दोन-तीन वायरी, कपलर आणि ईसीयूची पिन एवढं सगळं येतं. पी-०५६२ म्हणजे पुरवठ्याचं व्होल्टेज कमी पडलं. हा कोड दुसऱ्या कोडांच्या गर्दीत सापडला तर बाकी सगळं बाजूला ठेवून वरची अर्थिंगची चाचणी करा. यू-०१२१ सारखा यू ने सुरू होणारा कोड मॉड्यूलचं आपसातलं बोलणं तुटल्याचं सांगतो. तेव्हा बॅटरीची मायनस काढून, थोडं थांबून, ओबीडी पोर्टच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा. कॅनच्या (मॉड्यूल एकमेकांना जोडणाऱ्या दोन वायरींच्या) दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात, म्हणून बहुतेक गाड्यांत मिळून ६० यायला हवं. १२० आलं तर एक टोक तुटलंय. शून्याजवळ आलं तर दोन वायरी कुठेतरी एकमेकींना टेकल्यात. उंदरांनी कुरतडलेल्या गाडीत हे दोन्ही प्रकार मी पाहिलेत.

एक गोष्ट फार कमी ठिकाणी तपासली जाते. इंजिनवरच्या बऱ्याच सेन्सरना ईसीयू ५ व्होल्टचा एकच पुरवठा वाटून देतं. त्यातल्या एका सेन्सरात पाणी जाऊन शॉर्ट झाला की बाकीच्यांचंही व्होल्टेज पडतं आणि चार वेगवेगळ्या सेन्सरचे कोड एकदम येतात. अशा वेळी एका सेन्सरच्या कपलरवर ५ व्होल्ट मोजत राहा आणि बाकीचे कपलर एकेक करून काढा. ज्याचा कपलर काढल्यावर ५ परत आले, तोच दोषी. सगळे काढूनही ५ आले नाहीत तर शॉर्ट हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) किंवा खुद्द ईसीयूत आहे.

एबीएस एकटा : चाकाकडे जाणारी वायर

आता मामांच्या उरलेल्या दिव्याकडे. दिवा एकटा, आणि वळणावर-खड्ड्यावर अवलंबून, म्हणजे हलणाऱ्या भागातली वायर. पुढच्या चाकाच्या सेन्सरची वायर स्टिअरिंगबरोबर वळते आणि सस्पेन्शनबरोबर खालीवर होते. पाणंदीत एक चाक वर आणि एक खाली जातं तेव्हा तिच्यावर सर्वात जास्त ताण येतो. वरचं रबर शाबूत राहतं आणि आतलं तांबं तुटतं.

सेन्सर जुन्या, गुंडाळी असलेल्या प्रकारचा असेल तर कपलर काढून ओहम मोजा. साधारण एक-दोन हजारांच्या आसपास येतो. डाव्या-उजव्याची तुलना केली की पुरे. मीटर लावूनच वायर इंच-इंच वाकवत न्या. आकडा जिथे उडेल तिथे तुटलंय. मामांच्या गाडीत ती जागा रबरी क्लिपच्या अगदी बाहेर होती. सेन्सर बदलताना वायर क्लिपमध्ये परत अडकवली नव्हती, म्हणून ती मोकळी लोंबत होती. नव्या प्रकारच्या ॲक्टिव्ह सेन्सरचा ओहम मोजायचा नसतो. त्यासाठी कपलरवर पुरवठा येतोय का बघा आणि स्कॅनरवर चारही चाकांचा वेग बघत गाडी सावकाश चालवा. एक चाक शून्य दाखवेल किंवा उड्या मारेल.

सेन्सर काढलाच तर टोक पुसा. त्यात चुंबक असतं, लोखंडी कीस चिकटून बसतो. दात्यांच्या रिंगमध्ये वाळलेला चिखल ठासला असेल तर तो लाकडी काडीने काढा. आणि चारही टायर एकाच मापाचे आहेत ना, हे बघायला विसरू नका. दोन वेगळ्या मापाचे टायर घालूनही हा दिवा येतो. लो-रेंज टाकल्यावर स्थिरता नियंत्रणाचा दिवा येत असेल तर काही गाड्यांत ते मुद्दाम केलेलं असतं, पुस्तिका बघा.

फोर-व्हीलचा दिवा लुकलुकत असेल तर ट्रान्सफर केसवरच्या (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीवरच्या) स्विचचा कपलर उघडा. तो इतका खाली असतो की बहुतेक वेळा चिखलानेच भरलेला निघतो. डिझेल फिल्टरमधल्या पाण्याचा दिवा लागला तर आधी खालची नळी सोडून खरंच पाणी काढा, आणि कॅनमधून डिझेल भरत असाल तर गाळून भरा. पाणी निघालं नाही तरी दिवा राहिला तर फिल्टरच्या बुडाशी असलेलं कपलर ओलं आहे का बघा.

कपलर उघडल्यावर

कपलरमध्ये तांब्याच्या पिनेला हिरवा कळंक दिसला तर नुसता स्प्रे मारून बंद करू नका. कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा, बारीक ब्रशने घासा, हवेने वाळवा. मादी पिन सैल झाली असेल तर बदला. मग रबरी सील जागेवर आहे का बघा. हरवलेलं सील हेच पुढच्या पावसाचं आमंत्रण असतं. सिलिकॉन ग्रीस सीलला लावा, पिनांवर थापू नका.

कळंक वायरीच्या आतही चढतो. वातीतून तेल चढावं तसं पाणी तारांच्या मधून वर सरकतं, कधी कधी थेट ईसीयूच्या कपलरपर्यंत. म्हणून वायर कापल्यावर आतलं तांबं काळं किंवा हिरवं दिसलं तर चकाकतं तांबं मिळेपर्यंत मागे कापत जा. जोडताना नीट क्रिंप करा आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक ट्यूब घाला. हलणाऱ्या भागात मी सोल्डर टाळतो, कारण सोल्डर संपतो तिथे वायर कडक होऊन काही महिन्यांत तुटते. काळी टेप गुंडाळून केलेला जोड बोनेटखालच्या उष्णतेत पाघळतो आणि त्यातच पाणी धरतो. सुईने वायर टोचून करंट बघण्याची सवयही सोडा. त्या भोकातून पुढच्या मृगात पाणी जातं. ईसीयूच्या बारीक वायरींवर बल्बचा टेस्ट लॅम्पही नको, तो जास्त करंट ओढतो. मीटरच वापरा.

नंतर बसवलेल्या वस्तू

जीप घेतल्यावर एलईडी बार, मोठे हॉर्न, विंच बसवायचा उत्साह मला समजतो. पण मूळ हार्नेसला मधेच सोलून पिळलेली वायर दिसली की मी आधी तीच सोडवून गाडी तपासतो, आणि बऱ्याचदा शोध तिथेच संपतो. प्रत्येक जोडणीला स्वतंत्र रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) हवी : ३० वर बॅटरी, ८७ वर दिवा, ८६ ला स्विचमधून येणारा करंट आणि ८५ ला अर्थ. फ्यूज बॅटरीच्या जवळ, रिलेच्या आधी. अर्थ जवळच्या कुठल्याही स्क्रूला न देता चेसिसच्या साफ केलेल्या जागेला द्या. विंचची मायनस थेट बॅटरीला न्या, बॉडीतून नाही. बेळगावच्या उद्यमबागेत बंपर किंवा कॅरिअर वेल्डिंगला नेताना बॅटरीची दोन्ही टोकं काढायला सांगा आणि वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ लावायला लावा. ईसीयूचा कपलर काढता आला तर फारच चांगलं. वेल्डिंगनंतर लगेच सुरू झालेल्या दिव्यांनी मला सर्वात जास्त रात्री जागवलंय.

धुतानाही जपा. प्रेशरचा फवारा सामान्य पावसापेक्षा खोल शिरतो. चिखलाने माखलेल्या अल्टरनेटरवर, फ्यूज बॉक्सवर आणि चाकांमागच्या कपलरवर तो जवळून मारू देऊ नका. साध्या नळीने चिखल भिजवून काढा.

गॅरेजात दिवा येत नसेल तर

पाऊस आणि खड्डा दोन्ही आपणच निर्माण करायचे. सगळा लोड टाका, इंजिन चालू ठेवा, एकाने डॅशबोर्डवर नजर ठेवायची आणि दुसऱ्याने हार्नेस हलवत जायचं, एका वेळी एकच जागा. पट्टा आणि पंख्यापासून हात लांब. तरीही काही झालं नाही तर फवाऱ्याच्या बाटलीने एकेका कपलरवर पाणी मारा आणि प्रत्येकानंतर थोडं थांबा. घाईत सगळंच भिजवलं तर काही कळत नाही. दिवा आला की तिथेच थांबून हेअर ड्रायरने तेवढीच जागा वाळवा. दिवा गेला, पुन्हा पाणी मारलं आणि पुन्हा आला, तर जागा नक्की.

दुरुस्तीनंतर कोड पुसा आणि गाडी ज्या वाटेवर दिवा यायचा त्याच वाटेवर, रात्री, सगळे दिवे आणि ब्लोअर चालू ठेवून न्या. बॉडीच्या अर्थिंगचा आकडा वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी वळवाचा पाऊस पडायच्या आधी तीच चाचणी पुन्हा करा. आकडा ०.१५ झालेला दिसला तर दिवा लागायची वाट न बघता बोल्ट उघडून साफ करा.